अंगठा, उजवा, एक नग

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना मिस्त्रींच्या हातात कार्यमुक्तीचा फॉर्म पडला. त्यावर चौदा सह्या लागत होत्या. दवाखान्याची, गणवेश विभागाची, सायकल स्टँडची, शिवाय ग्रंथालयाची. डेपोत ग्रंथालय नव्हतं, पण त्याची सही करणारा होता. मिस्त्रींनी दोन दिवसांत तेरा सह्या गोळा केल्या. चौदावी टूलरूमची होती. टूलरूमच्या खिडकीतून फॉर्म आत गेला आणि तसाच कोरा बाहेर आला.

"एक हत्यार तुमच्याकडे निघतंय," टूलरूमचा कारकून म्हणाला.

"माझ्याकडे? कोणतं?"

"एकशे चौदा."

मिस्त्रींनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. मग कारकुनाकडे.

"हे?"

"तेच. जमा करा आणि सही घेऊन जा."

कारकून थट्टा करत नव्हता. टूलरूममध्ये बावीस वर्षांत त्याने थट्टा केल्याची नोंद नाही, आणि नोंद नसलेली गोष्ट तो करत नसे.

अंगठा हत्यार कसा झाला, हे समजायला बसचा पट्टा समजावा लागतो. इंजिनावरून एक रबरी पट्टा अल्टरनेटरला फिरवतो आणि अल्टरनेटर बॅटरी भरतो. पट्टा ढिला असला तर तो पुलीवर घसरतो, किंचाळतो, बॅटरी भरत नाही आणि अंधार पडल्यावर गाडीचे दिवे पिवळे पडत जातात. जास्त ताणला तर काहीच आवाज येत नाही, त्यामुळे सगळे खूश असतात. पण अल्टरनेटरचं बेअरिंग महिन्याभरात खलास होतं. तेव्हा दोन पुल्यांच्या बरोबर मध्ये पट्टा अंगठ्याने दाबून पाहायचा. दहा किलोच्या जोराने दाबला तर तो एक सेंटीमीटर आत गेला पाहिजे. पुस्तकात एवढं लिहिलं आहे. दहा किलो म्हणजे किती, हे अंगठ्याला कसं कळावं, ते पुस्तकात नाही.

मिस्त्रींच्या उस्तादाने ते नाकावर शिकवलं होतं. "गाल दाबल्यासारखा लागला तर ढिला. कपाळासारखा लागला तर कडक. नाकाच्या शेंड्यासारखा लागला की सोडून द्यायचा." त्यामुळे या डेपोत पट्ट्याला हात घालणारा माणूस आधी नाक दाबतो, मग पट्टा, मग खात्रीसाठी पुन्हा नाक. दुपारी जेवायच्या सुट्टीत कोणाच्या नाकाचा शेंडा काळा आहे ते पाहिलं की आज पट्ट्यांवर कोण होतं ते कळतं. मिस्त्रींचं नाक मात्र गेली पंचवीस वर्षं स्वच्छ होतं. त्यांना नाकाची गरज उरली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयातून एक तपासनीस आला. त्याच्याकडे तक्ता होता. काम, त्यासाठी वापरलेलं मोजमापाचं हत्यार, हत्याराचा क्रमांक, शेवटच्या तपासणीची तारीख. पट्टा ताणण्याच्या कामापुढे तो थांबला.

"हे कशाने मोजता?"

"अंगठ्याने," मिस्त्री म्हणाले.

"गेज नाही?"

"होतं. माझ्या आधी."

तपासनीसाने डेपो मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाले, नव्या गेजची मागणी केलेली आहे, ती मंजुरीच्या टप्प्यावर आहे. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि खोटं लिहायची तपासनीसाची तयारी नव्हती. त्याने खरं तेच लिहिलं: अंगठा. पुढच्या रकान्यात क्रमांक हवा होता. एकशे तेरा मोडक्या टॉर्क पान्याचा होता, एकशे पंधरा फीलर गेजचा. मधला रिकामा होता.

क्रमांक मिळाला तसे मोजमापाच्या हत्याराचे सगळे नियम लागू झाले. अंगठा तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेला. सोबत मिस्त्री गेले. तिथल्या बाईंनी त्यांना वजनकाट्यावर वीस वेळा 'दहा किलो' दाबायला सांगितलं, आकडे लिहून घेतले आणि चष्मा काढून पुन्हा पाहिले. नऊ किलो आठशेच्या खाली आणि दहा किलो दोनशेच्या वर एकही नव्हता. त्यांनी प्रमाणपत्र दिलं, मुदत सहा महिने. नियमाप्रमाणे हत्यारावर चिकटवायचं हिरवं लेबल त्यांनी नखावर लावलं. ते त्याच संध्याकाळी साबणाने गेलं.

टूलरूममध्ये प्रत्येक हत्याराला भिंतीवर एक खिळा आहे आणि खिळ्याखाली त्या हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला आहे, म्हणजे काय जाग्यावर नाही ते एका नजरेत दिसतं. एकशे चौदाच्या खिळ्याखाली कारकुनाने मिस्त्रींचा अंगठा भिंतीला टेकवून त्याची बाह्यरेषा काढून घेतली. सकाळी सातला मिस्त्री 'अंगठा, उजवा, एक नग मिळाला' म्हणून सही करत. दुपारी तीनला 'जमा' म्हणून करत. तीन वाजून एक मिनिटाने तोच अंगठा 'घरी देखभालीसाठी' म्हणून पुन्हा त्यांच्या नावावर चढे. ही वाट मॅनेजरांनी स्वतः शोधून काढली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. दर शनिवारी कारकून सगळ्या हत्यारांना तेल लावी. एकशे चौदालाही एक थेंब.

पहिल्या वर्षी डेपो हसला. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी मिस्त्री बदलले. कोणी चाकाचा नट धरायला बोलावलं तर ते म्हणत, "माझं हत्यार पट्ट्यासाठी दिलेलं आहे," आणि डावा हात पुढे करत. घराची बेल ते कोपराने वाजवू लागले. कांदा चिरायला बसले नाहीत. त्यांची बायको घरी शिवणकाम करते. तिच्या पायमशीनलाही चामड्याचा एक पट्टा आहे. एकदा तो घसरत होता तेव्हा मिस्त्रींनी नुसतं वाकून पाहिलं, तर ती म्हणाली, "तिकडेच राहा. प्रमाणपत्र तुमचं असेल, मशीन माझं आहे." तिने पट्टा एक बोट कापून तार ओवली आणि शिवायला घेतलं. सत्तावीस वर्षांत त्या पट्ट्याला मिस्त्रींचा अंगठा लागलेला नव्हता.

हे मशीन आता पुढे गेलं होतं. तिची थोरली बहीण दुसऱ्या गावात शाळेचे गणवेश शिवायचं दुकान चालवते. दोनशे चाळीस गणवेशांचं काम आलं होतं, शाळा दहा तारखेला उघडणार होती आणि एक तारखेला बायको त्या मशीनवर बसणार, असं तीन महिन्यांपूर्वी ठरलं होतं. मिस्त्रींनी तिथे काजं-बटणं आणि इस्त्री करायची होती. क्वार्टर दुसऱ्याला दिलं गेलं होतं. तो माणूस रोज संध्याकाळी येऊन खिडक्या मोजून जात असे. शेवटच्या दिवशी पाच वाजता टेम्पो सांगितला होता.

आणि नियम असा होता की मोजमापाचं हत्यार ज्याच्याकडे आहे त्याला कार्यमुक्त करता येत नाही.

"म्हणजे मी निवृत्त होणार की नाही?" मिस्त्रींनी मॅनेजरांना विचारलं.

"निवृत्त व्हाल. ते वयाने होतं, त्याला आमचा इलाज नाही. पण कार्यमुक्त होणार नाही. हत्यार जमा होईपर्यंत रोज हजेरी."

"किती दिवस?"

"ते हत्यारावर आहे."

मॅनेजर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. हत्यार यादीतून चार प्रकारे कमी होत होतं: जमा करून, दुसऱ्या डेपोत बदली होऊन, हरवून किंवा निकामी ठरून. रोजची तीनची सही इथे चालत नव्हती, कायमचं जमा म्हणजे हत्यार खिळ्यावर लटकलेलं हवं; ते मिस्त्रींनी नाकारलं. बदलीला दुसऱ्या डेपोने नकार कळवला. त्यांच्याकडे गेज होतं. राहिलं हरवणं.

"पोलिसात तक्रार द्यावी लागेल," मॅनेजर म्हणाले.

"आणि तिथे सही जमली नाही तर हवालदार म्हणेल, अंगठा उठवा," कारकून म्हणाला. ही थट्टा नव्हती. त्याला ती अडचण खरोखर दिसत होती.

"मग निकामी," मॅनेजर म्हणाले. "तीन जणांची समिती बसवू. हत्याराने समितीसमोर तीनदा काम करायचं. एकदा जरी चुकलं तरी भंगारात. मिस्त्री, एकदा. तीनातून एकदा चुकायचं. एवढं तर कोणालाही जमतं."

घरी बायको गुंडाळलेल्या गादीवर बसून चहा पीत होती. खुर्च्या पुढे गेल्या होत्या.

"चुकायचं म्हणजे?" तिने विचारलं.

"ढिला ठेवायचा."

"जमेल तुम्हाला?"

"त्यात काय न जमायचंय?"

"माझी भाजी एकतीस वर्षं खारट आहे असं सांगताय, एकदाही न सांगता गिळता आली नाही तुम्हाला. म्हणून विचारलं." तिने कप उपडा ठेवला. "नाहीच जमलं, तर अंगठा राहू दे इथे. उरलेलं मी घेऊन जाते."

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला समिती दुसऱ्या खड्ड्यापाशी जमली. मॅनेजर, कारकून आणि तांत्रिक सभासद म्हणून वायरिंग विभागातली ताई. चाळीस-बेचाळीसची ही बाई डेपोतल्या सगळ्या गाड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या बघते. मिस्त्रींनंतर पट्टे तिच्याकडे जाणार होते. मोजायला गेज नव्हतंच, म्हणून पार्सल खिडकीवरचा ताणकाटा आणला होता. त्याचा आकडा पट्ट्याला अडकवायचा, दहा किलोपर्यंत ओढायचा आणि पट्टा किती सरकला ते पट्टीने मोजायचं. गाडी एक्केचाळीस नंबरची.

मिस्त्रींनी अल्टरनेटरचे खालचा आणि वरचा असे दोन्ही बोल्ट सैल केले, टॉमीच्या लोखंडी दांड्याने अल्टरनेटर जरासा बाहेर रेटला, पट्टा चांगला ढिला ठेवला आणि बोल्ट आवळले. टॉमी खाली ठेवली. दोन पावलं मागे आले.

"मोजा," मॅनेजर आनंदाने म्हणाले.

"एक मिनिट," मिस्त्री म्हणाले. "वरचा बोल्ट नीट बसला नाही वाटतं."

ते पुढे गेले, बोल्ट सैल केला, टॉमी लावली, अंगठ्याने दाबलं, आवळलं. ताईने काटा ओढून मोजलं. दहा मिलिमीटर.

"मिस्त्री!"

"सवय हो साहेब. आता नाही होणार."

दुसऱ्या वेळी त्यांनी उलटं केलं. पट्टा इतका ताणला की बोटाने वाजवला तर सूर निघाला. बोल्ट आवळून ते मागे आले. मिस्त्री पट्ट्याकडे पाहत होते, पण त्यांना बहुधा बेअरिंग दिसत होतं.

"एवढं एक बघून घेतो," ते म्हणाले. कोणी अडवायच्या आत टॉमी हातात होती. दहा मिलिमीटर.

कारकुनाने कागदावर दुसरी खूण केली. "आता एकच राहिलं. मिस्त्री, याउपर हात खिशात."

तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी पट्टा ढिला ठेवला, बोल्ट आवळले, मागे आले आणि दोन्ही हात खिशात घातले. नियमाप्रमाणे शेवटच्या खेपेला मोजण्याआधी इंजिन दोन मिनिटं चालवायचं होतं. ड्रायव्हरने चावी फिरवली. पट्टा किंचाळला. शेजारच्या खड्ड्यातला माणूस डोकं वर काढून बघू लागला, कारण मिस्त्रींच्या हाताखालून निघालेली गाडी असं ओरडताना त्याने कधी ऐकली नव्हती. मिस्त्रींच्या पँटच्या खिशांत काहीतरी हललं, पण बाहेर आलं नाही.

"शाब्बास," मॅनेजर म्हणाले. "बंद करा इंजिन. ताई, मोजा. हे एकदा लिहून घेऊ, मग मिस्त्री खुशाल नीट करतील. गाडीचंही भलं, त्यांचंही भलं."

ताईने ताणकाटा उचलला, पण अडकवला नाही. तिच्या दुसऱ्या हातात नियमांची झेरॉक्स होती. समितीत नाव आल्यामुळे तिने ती वाचली होती. डेपोत ती शेवटपर्यंत वाचणारी ताई पहिलीच.

"साहेब, एक विचारू? हत्यार निकामी ठरलं, तर आधीच्या तपासणीपासून त्याने केलेलं सगळं काम रद्द धरायचं, असं आहे इथे. कलम नऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे मिस्त्रीकाकांनी सहा महिन्यांत लावलेले सगळे पट्टे चुकीचे धरायचे. ते पुन्हा तपासेपर्यंत गाड्या बाहेर काढायच्या नाहीत."

"किती गाड्या?"

"सगळ्या. ब्याण्णव."

मॅनेजर ब्याण्णव गाड्यांचे प्रवासी डोळ्यांपुढे आणत असावेत. कारकुनाचं पेन कागदापासून एक सेंटीमीटरवर थांबलं होतं.

"आणि तपासायच्या कशाने?" ताई म्हणाली. "काटा संध्याकाळी पार्सलवाल्याला परत द्यायचाय. गेज नाही. अंगठा भंगारात. मी उद्या सकाळी सातला ब्याण्णव गाड्यांपुढे नाक दाबत उभी राहू का?"

मॅनेजर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही सांगा. तुमच्या घरचा टेम्पो पाचला आहे. मी अडवणार नाही."

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "ही किती वाजता निघते?"

"सातला. टेकडीवरच्या वस्तीची. रस्त्याला दिवे नाहीत, काका."

मिस्त्रींनी हात खिशातून काढले. या वेळी बोल्ट नीट बसला नाही वगैरे काही ते म्हणाले नाहीत. पट्टा लावला, इंजिन दोन मिनिटं चालवून घेतलं आणि स्वतःच ताणकाटा ताईच्या हातात दिला. दहा मिलिमीटर. कारकुनाने लिहिलं: 'हत्यार सुस्थितीत. वापरात ठेवावे.' समितीच्या तिघांनी सह्या केल्या. ताईने जाता जाता आधी नाक दाबलं, मग पट्टा, मग पुन्हा नाक. मॅनेजरांनीही तसंच करून पाहिलं आणि तसेच काळ्या नाकाने केबिनमध्ये गेले.

पावणेपाचला टूलरूमच्या खिडकीपाशी मिस्त्री कोरा रकाना घेऊन उभे होते. बायको टेम्पोतून उतरून आत आली. डेपोच्या आत ती पहिल्यांदाच येत होती.

"झालं का?"

"नाही."

"जमलं नाही ना चुकायला?"

"नाही."

"वाटलंच." ती खिडकीकडे वळली. "भाऊ, तुमच्याकडची हत्यारं कधी दुरुस्तीला, तपासणीला बाहेर जात नाहीत का?"

"जातात की."

"माझी कात्री धारेला जाते, तेव्हा मी पावती घेते. कात्री माझीच असते, पण घरात नसते. मला कोणी विचारत नाही, कात्री दाखव म्हणून. तुमच्यात काय करतात?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. बावीस वर्षांत त्या खिडकीतून कोणी त्याला इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता.

"गेटपास," तो हळूच म्हणाला. "परत करण्याच्या अटीवर."

"आणि बाहेर गेलेलं हत्यार कोणाच्या नावावर असतं?"

"कोणाच्याच नाही. तपासणीला असतं."

"याची तपासणी कधी आहे?"

कारकुनाने प्रमाणपत्र काढलं. मुदत त्याच दिवशी संपत होती.

पुढचं सगळं बारा मिनिटांत झालं. पासवर लिहिलं गेलं: हत्यार क्रमांक एकशे चौदा तपासणीसाठी बाहेर; नेणारा, स्वतः; परत करण्याची मुदत, सहा महिने; इतर कामासाठी वापर करू नये. चौदावी सही झाली. भिंतीवर अंगठ्याच्या बाह्यरेषेवर 'बाहेर गेले आहे' अशी लाल पाटी लागली.

गेटवर पहारेकऱ्याने पास वाचला. "वस्तू दाखवा."

मिस्त्रींनी अंगठा वर केला.

"एकच नग?"

"एकच."

"आणि तो डाव्या हाताचा?"

"तो खासगी."

पहारेकऱ्याने शिक्का मारला आणि टेम्पो निघाला. एक तारखेला सकाळी नऊला बायको मशीनवर बसली. दोनशे चाळीस गणवेश आठ तारखेच्या संध्याकाळी तयार झाले. त्यांवर इस्त्री फिरवणाऱ्याने ती डाव्या हाताने फिरवली. मध्ये एकदा मशीनचा पट्टा पुन्हा घसरला. मिस्त्री उठले, तर बायकोने मान वर न करता सांगितलं, "पासवर काय लिहिलंय ते वाचा." ते बसले.

पाचव्या महिन्यात डेपोतून पत्र आलं. मागणी केल्यापासून अकरा वर्षं आठ महिन्यांनी गेज मंजूर होऊन आलं होतं. ते बरोबर दाखवतं की नाही, हे पडताळून पाहायला डेपोत प्रमाणित हत्यार उपलब्ध नव्हतं. तरी क्रमांक एकशे चौदा घेऊन समक्ष यावे. खाली मॅनेजरांची सही होती आणि तिच्या शेजारी ताईने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'काका, लवकर या. नाकाची सालं निघालीत.'

बायकोने पत्र दोनदा वाचलं. मग दुकानाचं पावतीपुस्तक ओढलं. गिऱ्हाईक कापड देऊन जातं तेव्हा त्यातली पावती फाडायची असते. तिने लिहिलं: नवरा, एक नग. नेणारा, डेपो. परत करण्याच्या अटीवर. मुदत, रविवार संध्याकाळ.

"सही करा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी केली. डाव्या हाताने.